दुसरा पाट पाहिलेली दुर्बीण

मित्रांनो, पेणला रामवाडीत खिळ्याला लटकलेली ही जुनी दुर्बीण दिसते ना, ती मी. माझी उजवी काच धुरकटली आहे आणि गळ्यातला पट्टा उंदरांनी कुरतडला आहे. तरी थोडं माझं ऐका.

तरुणपणी मी बोटीवर होते. किनारा दिसला की खलाशी आळीपाळीने मला डोळ्यांना लावत आणि हसत. पुढे मुंबईच्या जुन्या बाजारातून शिवाने मला आणलं. शिवा खासगी तपास करायचा. कुणाचा नवरा कुठे जातो, कुणाची बायको कुणाशी बोलते, हे तो शोधून द्यायचा. मला मऊ फडक्याने पुसायचा, फार जपायचा. पण मला एकटं वाटायचं. मी इतकी घरं पाहिली, त्यातल्या एकाही घराने मला पाहिलं नाही. माणसांचे ओठ हललेले दिसायचे, बोलणं मात्र कधी कळलं नाही. देवाने मला लांबचं बघायला डोळे दिले, लांबचं ऐकायला कान दिले नाहीत.

एका वर्षी गणपतीच्या आधी रोह्याची मैना आली. आमच्याकडे घरचा पाट आधीच मूर्तीच्या कारखान्यात नेऊन देतात आणि त्याच पाटावर घरचा गणपती बसतो. एका घराचा एक पाट. मैनाच्या नवऱ्याने, पोपटने, पेणला दोन पाट दिले होते. कारखान्यातल्या बाईने तिला सहज विचारलं होतं, "दुसरा पाट कुणाचा गो?"

"दोन पाट म्हंजे दोन संसार, शिवाभाऊ," मैना म्हणाली. "दुसरं घर कुठं हाय, तेवढं बघा."

शिवा मला घेऊन रोह्याला कुंडलिका नदीच्या काठावर बसला. कंपनीची शिफ्ट सुटली आणि पोपट पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेला. तिथल्या एका खिडकीत मला तो पुन्हा दिसला. समोर सरू नावाची तरुण बाई होती. पोपट रडत होता आणि ती पदराने त्याचे डोळे पुसत होती. शिवाने जसं दिसलं तसं मैनाला सांगितलं. पदरचं एक अक्षर घातलं नाही. मैना तडक वडखळला माहेरी गेली आणि सोडचिठ्ठी मागायला वकिलाकडे आली.

वकिलांनी पोपटलाही बोलावून घेतलं. शिवाने मोठ्या ऐटीत मला टेबलावर ठेवलं. वकील माझ्याकडे बघून म्हणाले, "रस्त्याने जाणाऱ्याला कुणीही बघेल. पण दुसऱ्याच्या खिडकीतून आत बघायचा हक्क तुम्हाला कोणत्या कायद्याने दिला?" मग वकिलांनी पोपटला सरळ विचारलं. तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

"सरू माझ्या दोस्ताची, चंदरची बायको," पोपट म्हणाला. "मैनाच्या भावाचं लगीन होतं, म्हणून चंदर माझ्या शिफ्टला गेला. अपघात झाला, तो परत आला नाय. वरीस सरल्यावर त्याच्या घरचा पाट मीच पेणला नेला. त्या घरचा गणपती बंद पडायला नको."

"मला का नाय सांगितलं?" मैनाने विचारलं.

"तुझ्या भावाच्या लग्नापायी माणूस गेला, हे तू जन्मभर उराशी धरलं असतंस. पण इचारलं असतंस, तर सांगितलं असतं. तू माणूस लावलास, मैना. तोही खिडकीला."

मैनाला रडू आवरेना. काही सुचेना म्हणून तिने मला उचलून डोळ्यांना लावलं, ते नेमकं उलटं. शेजारच्या खुर्चीवरचा पोपट तिला इवलासा दिसला, पार पलीकडच्या काठावर उभा असल्यासारखा. तिने मला हळूच खाली ठेवलं.

दोघं एकाच एसटीने रोह्याला गेले. शिवा सांगतो, मैना खिडकीशी बसली होती, शेजारची जागा रिकामी होती आणि पोपट मागे उभा होता. त्या दिवसापासून शिवाने कानाला खडा लावला आणि मला या खिळ्यावर अडकवलं.

तेव्हापासून मी कुणाला पाहिलेलं नाही. मला पुसा, नका पुसू. पण मित्रांनो, आपल्या माणसाबद्दल मनात काही आलं, तर माझ्याकडे येऊ नका. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसा आणि त्यालाच विचारा.