नळीतला बोळा

मित्रांनो, मी एक जुनं इंजिन आहे, आणि तेही भित्रं. कारखान्यात मला लोखंडाची छाती मिळाली, पण धीर घालायचा कुणीतरी विसरलं. शाळेची व्हॅन ओढण्यात माझा जन्म गेला. व्हॅन चालवणाऱ्या वहिनी सकाळी मला सुरू करून म्हणायच्या, "गुणी बाळ माझं!" तेवढं कौतुक मला दिवसभर पुरायचं.

एके दिवशी माझ्यातून तेल ठिबकू लागलं. गॅरेजच्या मिस्त्रींनी मला पुसून कोरडं केलं, गळती कुठून होते ते दिसावं म्हणून वर पावडर उडवली आणि मला चालू ठेवलं. पुढच्या पुलीमागची, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकामागची, पावडर भिजली.

"क्रँकचं ऑइल सील गेलंय," ते म्हणाले.

क्रँकचा फिरता दांडा जिथून बाहेर येतो, तिथं तेल अडवणारी रबरी कडी म्हणजे हे सील. मिस्त्रींनी पट्टा आणि पुली काढली, दांड्यावर ओरखडा येऊ न देता जुनं सील उपटलं आणि नवं हलक्या हातानं ठोकून बसवलं. सगळे खूश झाले. मी मात्र मनातून टरकलो होतो.

कारण वहिनींच्या दिरांनी व्हॅन उभी राहते त्या दारात नव्या फरश्या बसवल्या होत्या. माझ्या श्वासनळीतून, म्हणजे पोटातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, त्यांवर तेलाचे थेंब पडत, म्हणून त्यांनी नळीत चिंधीचा बोळा कोंबला होता. पोटातली वाफ कोंडली की ती तेलाला सीलमधून बाहेर रेटते. हे मला ठाऊक होतं, पण सांगणार कसं?

व्हायचं तेच झालं. थोड्याच दिवसांत पुन्हा ठिबक सुरू. गॅरेजमध्ये दीर म्हणाले, "वहिनी, आता माया पुरे. भंगारात द्या."

समोरच फोडलेल्या इंजिनांचा ढीग होता. 

वहिनींनी माझ्यावर हात ठेवला. "मिस्त्री, एकदा शेवटचं बघता का?"

मिस्त्रींनी मला सुरू करून तेलाचं झाकण सैल केलं. फस्सकन वाफ तोंडावर आली.

"अरे, याचा तर जीव गुदमरलाय!" त्यांनी नळी चाचपली आणि चिमट्यानं बोळा ओढून काढला.

दीर पुटपुटले, "हा माझा बनियन..."

"भाऊजी, फरशी पुसता येते हो," वहिनी म्हणाल्या. "तेल संपून गाडी भर रस्त्यात अडकली असती तर? आत लोकांची पोरं असतात!"

दिरांनी बनियन खिशात कोंबला. मिस्त्रींनी पुन्हा नवं सील बसवलं. आता मी कोरडं आहे. पण दीर हातात फडकं घेऊन दारात आले, की अजून माझा ठोका चुकतो.

मित्रांनो, मला हात नाहीत, नाहीतर जोडले असते. कुठं काही गळताना दिसलं, तर ते बुजवायच्या आधी एकदा झाकण उघडून बघा. आत कुणीतरी गुदमरत असेल, आणि त्याला हाक मारता येत नसेल.