आधी कुऱ्हाड

"आधी तुझं घे आणि नीघ," नाझर दत्तोपंत राहीबाईला म्हणाले.

नगरच्या कोर्टातल्या त्यांच्या टेबलावर दोन वस्तू होत्या. राहीबाईच्या नवऱ्याचा, भिमाजीचा पटका. त्यावरचे डाग वाळून काळे झाले होते. आणि कुऱ्हाड सूर्यभानची. हा भिमाजीचा चुलतभाऊ. भिमाजीच्या खुनाच्या खटल्यातून सुटून त्याला महिना झाला होता, आणि आज त्याला नि राहीबाईला मुद्देमाल परत न्यायला बोलावलं होतं. सूर्यभान मागे भिंतीला टेकून पान चघळत होता.

"न्हवरा माजा मेला, भाऊसायेब. मंग खटला सरकारचा कसा? मला कुनी काई इचारलंच न्हाई."

"विचारलं की. साक्षीदार होतीस तू," दत्तोपंत म्हणाले, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. आरोपीला वकील होता, सरकारला वकील होता. राहीबाईचं असं कुणीच नव्हतं.

भिमाजी अंगणात बसल्या जागी कुऱ्हाडीच्या घावाने पडला होता. गावच्या पाटलाने प्रेत गाडीत घालून नगरला चिरफाडीला नेलं, तेव्हा राहीबाईने सासूने शिकवलं होतं तेच केलं. मढं उचललं की सारवायचं. फौजदार दुसऱ्या दिवशी उगवला, तोवर अंगण लख्ख झालं होतं. मग कोर्टात सूर्यभानच्या वकिलाने सांगितलं की भांडण बांधावर झालं, भिमाजीच अंगावर धावून आला. अंगणात मारला म्हणता, तर रक्त कुठे आहे?

"सारवलं," राहीबाई पिंजऱ्यातून म्हणाली. "दाराम्होरं रगत ठिवू व्हय?"

लोक हसले होते. त्यांच्या बायकांनीही घरी हेच केलं असतं, पण हसायला काय लागतं? सारवू नकोस, हे त्या दिवशी प्रेत न्यायला आलेल्यांपैकीही कुणी तिला सांगितलं नव्हतं.

दत्तोपंतांनी पटका पुढे सरकवला. "घे. तू लांब गेलीस की मग याला देतो. एवढंच माझ्या हातात आहे."

राहीबाईने पटक्याला हात लावला नाही.

"त्याची कुऱ्हाड आदी द्या."

"अगं, पण..."

"गावाला वाट एकच हाय, भाऊसायेब. घराला घर लागून हाय. त्यो म्होरं चालू द्या. माज्या मागं नगं."

दत्तोपंतांनी सूर्यभानला कुऱ्हाड दिली. तो ती खांद्यावर टाकून पायऱ्या उतरला.

मग राहीबाईने पटका घेऊन पोटाशी धरला, आणि कुऱ्हाड नजरेआड होणार नाही एवढं अंतर ठेवून ती त्याच्या मागून गावाकडे चालू लागली.