मुकी चाचणी

धरणातून पाणी सोडण्यापूर्वी नदीकाठच्या वस्त्यांना ऐकू जायचे वाक्य मी लिहिले होते. ‘लक्ष द्या. थोड्याच वेळात नदीत पाणी सोडले जाणार आहे. पात्रातून आणि काठावरून ताबडतोब वर या.’ या तीन ओळींसाठी मी कितीतरी शब्द खोडले. बुडणाऱ्या माणसाजवळ विशेषणांना वेळ नसतो, हे त्या कामाने मला शिकवले. पुढे आवाजही माझाच निवडण्यात आला. इशाऱ्याची यंत्रणा उभारणाऱ्या खासगी कंपनीच्या व्यवस्थापकाने कारण दिले, “ह्याच्या बोलण्यात घबराट नाही.” खरे तर माझ्या बोलण्यात आवाजच नव्हता. लहानपणापासून मी तोंडातल्या तोंडात बोलत आलो आहे.

आमच्या संयुक्त कक्षात सरकारचा पाटबंधारे विभाग आणि ती कंपनी एकाच खोलीत बसत; मी विभागाचा. बैठकीचे मेज दोन मेजे जोडून केलेले होते, एक विभागाचे आणि एक कंपनीचे. विभागाचे मेज बोटभर उंच होते आणि दोहोंच्या मध्ये एक फट होती. पेन, टाचण्या, एकदा तर साहेबांचा चष्माही त्या फटीतून खाली गेला. वाकून उचलायचे कोणी, यावरून दोन्ही बाजू क्षणभर एकमेकींकडे पाहत आणि अखेर शिपाई वाके. फट बुजवावी असे मात्र कुणाला कधी वाटले नाही.

योजना साधी होती. नदीकाठी खांब उभारायचे, खांबाच्या टोकाला झाकणाच्या पेटीत भोंगा बसवायचा, आणि धरणावरून कळ दाबताच सगळ्या भोंग्यांतून माझा आवाज निघायचा. तोवर हे काम विभागाची एक जुनी जीप करत असे. टपावर कर्णा बांधलेली ती जीप पाणी सुटण्याआधी गल्लीगल्लीतून ओरडत जाई. तिच्या चालकाला सगळे कर्णेकाका म्हणत. भोंग्यांचे हस्तांतर झाले, म्हणजे ते कंपनीकडून विभागाच्या ताब्यात आले, की जीप बंद होणार होती.

माझी ताई खालच्या गल्लीत राहते, नदीला अगदी लागून. ती शिवणकाम करते. भावजी दूर कामाला असतात. भाची शाळेतून आली की दप्तर टाकून थेट नदीच्या वाळूत पळते. एके रविवारी जेवताना ताई म्हणाली,

“तुमचा खांब उभा राहिला हो आमच्या दारात. मिजास नवरदेवाची, पण तोंडातून शब्द नाही.”

“चाचण्या झाल्यात, ताई. सगळ्या यशस्वी.”

“कधी झाल्या? मी तर दिवसभर मशीनवर दारातच बसलेली असते.”

“मुक्या चाचण्या होत्या. आवाज न करता.”

ताईने घास तसाच हातात धरला. “म्हणजे भोंगा वाजतो का, हे न वाजवता पाहिलं? शहाणा रे माझा भाऊ!”

मी हसलो खरा. मुक्या चाचण्यांचे कारण मला ठाऊक होते. वरच्या वसाहतीतल्या मोठ्या लोकांनी गोंगाटाची तक्रार केली होती, म्हणून आवाज न काढता चाचणी घ्यावी असे ठरले. कळ दाबली की खांबावरच्या खालच्या छोट्या पेटीला संदेश मिळे, पेटी ‘मिळाला’ म्हणून उत्तर देई आणि पडद्यावर त्या खांबाचा ठिपका हिरवा होई. सगळे ठिपके हिरवे झाले की टाळ्या वाजत. पडदा हिरवा झाला म्हणजे भोंगा वाजला, असे मानण्याची सवय आम्हाला हळूहळू जडली होती.

सोमवारी मी धीर करून व्यवस्थापकाला विचारले. त्याचे टोपणनाव ‘झालंच’ होते, कारण कुठल्याही प्रश्नाला त्याचे तेच उत्तर असे.

“सर, भोंगा प्रत्यक्ष कुणी ऐकलाय का?”

“झालंच की ते! ऐकण्याचं काम विभागाचं.”

मी साहेबांकडे गेलो. ते विभागाचे मुख्य अभियंता. मान वर न करता ते म्हणाले, “ते कंपनीनं ऐकायचं. आपण फक्त पाहायचं.”

“पण साहेब, ऐकलं कुणीच नसेल तर—”

“तू वाक्यं लिही रे बाबा. वाक्यं छान लिहितोस.”

मी परत जागेवर येऊन बसलो. कानशिले तापली होती. माझा राग नेहमी असाच असतो. तो तोंडावाटे बाहेर पडत नाही, आतल्या आत विहिरीसारखा खोल होत जातो. त्या संध्याकाळी ताईला मी एवढेच सांगितले, “हस्तांतराच्या दिवशी मी फोन करीन. तू खांबाखाली उभी राहा.”

हस्तांतराचा दिवस उजाडला. राजधानीहून सचिवबाई आल्या होत्या. मेजावर पांढरे कापड अंथरले होते आणि त्याखाली ती फट दिसेनाशी झाली होती. साहेबांनी भाषणात ‘शासन आणि उद्योग यांचे हातात हात’ असे काहीसे सांगितले. झालंचने ‘सुरक्षिततेचे नवे पर्व’ म्हटले. दुपारी धरणातून पाणी सोडायचे ठरलेलेच होते. पाहुण्यांना नवी यंत्रणा तेव्हा काम करताना दिसावी, असा बेत होता. त्याआधी सकाळी चाचणी, अर्थात मुकी.

एरवी पुटपुटणारा मी त्या वेळी उभा राहिलो आणि म्हणालो, “एक खांब वाजवून पाहू या. खालच्या गल्लीतला. तिथे कुणाला त्रास होणार नाही, तिथले लोक वाट पाहतायत.”

सचिवबाई म्हणाल्या, “हरकत काय आहे?”

साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले की दुसरा कोणताही दिवस असता तर मी खाली बसलो असतो. मी फोन मेजावर ठेवला आणि ताईचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असे केले. पलीकडे शिलाई मशीनची धडधड थांबली. “हं, उभी आहे रे,” ताई म्हणाली.

झालंचने कळ दाबली. पडद्यावर खालच्या गल्लीचा ठिपका हिरवा झाला. त्याखाली अक्षरे उमटली, ‘इशारा प्रसारित होत आहे’. सवयीने टाळ्या पडल्या.

फोनमधून कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे वाऱ्यावर फडफडताना ऐकू येत होते. दूर कुत्रे भुंकले. मग ताई म्हणाली,

“अरे, कधी वाजवणार? माझं गिऱ्हाईक खोळंबलंय.”

टाळ्या विरल्या. झालंचने पुन्हा कळ दाबली. ठिपका पुन्हा हिरवा झाला.

“वाजतोय, ताई,” तो म्हणाला. “इथे दिसतोय.”

“तुला दिसतोय ना? मग तूच ऐक!” ताई कडाडली. “आमच्या इथे सुईएवढासुद्धा आवाज नाही. थांब, समोरचे रंगारी शिडी घेऊन आलेत. मीच त्यांना सांगून ठेवलं होतं. अहो रंगारीभाऊ, जरा वरची पेटी उघडा ना!”

शिडी खांबाला टेकल्याचा खणखणाट आला, स्क्रू निघाल्याची कुरकुर आली. मग रंगाऱ्याचा आवाज आला, “वहिनी, आत काहीच नाही हो. दोन वायरी आहेत, टोकाला चिकटपट्टी लावलेली. भोंगा बसवलाच नाहीये.”

मग झालंच साहेबांकडे वळला. “साहेब, आमचं काम वायरीपर्यंत. भोंगा खांबाचा भाग, आणि खांब तुमचा.”

“आमचं काम खांब आणि रिकामी पेटी,” साहेब म्हणाले. “पेटीत जे बोलतं ते तंत्रज्ञान. तंत्रज्ञान तुमचं.”

“मग भोंगा कुणाचा?” फोनमधून ताईने विचारले. “माझ्या माहेरचा का?”

कुणीतरी फोन बंद केला. कुणाचा हात होता ते मी पाहिले, पण आता नाव घेण्यात अर्थ नाही. मला पांढऱ्या कापडाखालची ती फट डोळ्यांसमोर दिसत होती. नदीकाठचे सगळे भोंगे तिच्यातून खाली पडले होते आणि ह्या वेळी वाकायला शिपाईसुद्धा नव्हता.

मला वाटले, आता लाजेने का होईना, कुणी तरी थांबेल. साहेब म्हणाले, “भोंगे दुसऱ्या टप्प्यात बसवू. बाकी सगळी यंत्रणा तयार आहे, तेव्हा आजचं हस्तांतर उरकून घेऊ.”

“आणि जीप?” मी विचारले.

“जीप आजपासून बंद. तसा आदेश निघालेला आहे.”

“पण दुपारी पाणी सुटतंय, साहेब!”

“बस खाली.”

मी खाली बसलो नाही. खुर्ची मागे सरकवली आणि जिना उतरलो. प्रत्येक पायरीवर मला भाचीचे वाळूत रुतलेले छोटे पाय दिसत होते. मनात एकच विचार घोंघावत होता, ह्या लोकांनी माणसांचे मरणसुद्धा वाटून घेतले आहे, अर्धे तुझे आणि अर्धे माझे, म्हणजे पुरते कुणाचेच नाही.

अंगणात कर्णेकाका जीपच्या टपावरचा कर्णा सोडवत होते. अर्धा पट्टा निघाला होता.

“काका, माईक चालतो का अजून?”

“वायर तोडली नाही तोवर चालणारच की. का रे, पोरा? चेहरा असा का झालाय?”

मी माईक उचलला. वरती बैठकीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या होत्या. मी माझे वाक्य म्हणालो. पहिल्यांदा नेहमीसारखेच म्हटले, तोंडातल्या तोंडात. कर्ण्याने ते हळुवार गुणगुणल्यासारखे परत फेकले. तेव्हा आतली ती विहीर तळापासून उसळली.

“लक्ष द्या!” मी ओरडलो. “थोड्याच वेळात नदीत पाणी सोडले जाणार आहे! काठावरच्या लोकांना कळणार नाही, कारण भोंगा कुणाचा हे वर अजून ठरलेलं नाही! पात्रातून वर या! साहेब, तुम्हीही खाली या! पडदा पाहू नका, ऐका!”

खिडक्यांत एकेक डोके आले. पारव्यांचा थवा छपरावरून उडाला. माझा घसा फाटत होता आणि मी तीच तीन वाक्ये पुन्हा पुन्हा म्हणत होतो. ती मी लिहिली होती, मापून, तासून, पण त्यांचा अर्थ मला त्याच क्षणी कळला.

सचिवबाई खाली आल्या. मागे साहेब, त्यांच्या मागे झालंच.

“तुम्ही कोण?” बाईंनी विचारले.

“आत्ता वर पडद्यावर ज्याचा आवाज वाजला, तो मी.”

त्या कर्ण्याकडे पाहत राहिल्या. मग साहेबांना म्हणाल्या, “प्रत्येक खांबाखाली माणूस उभा करा आणि त्याला कानानं ऐकू द्या. तोवर ही जीप चालू राहील. हस्तांतर आज होणार नाही.”

“झालंच!” मागून आवाज आला. सवयच ती. कुणीच हसले नाही.

साहेब माझ्याजवळ आले आणि अगदी हळू म्हणाले, “उद्यापासून येऊ नकोस.” मी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा आवाज माझ्यापेक्षा लहान होता.

कर्णेकाकांनी पट्टा पुन्हा आवळला. “बस शेजारी,” ते म्हणाले. “माझा घसा म्हातारा झालाय.”

आम्ही खालच्या गल्लीत शिरलो तेव्हा माझा आवाज खरवडलेल्या पत्र्यासारखा झाला होता. बायका दगडांवर वाळत घातलेले कपडे गोळा करू लागल्या. कुणी शेळी ओढत वर आणली. वाळूतून भाची धावत आली, दोन्ही मुठी गारगोट्यांनी भरलेल्या. ताई दारात उभी होती, गळ्यात माप घेण्याची फीत.

“केवढ्यानं ओरडतोस रे! कान किटले.” भाचीचा दंड तिने घट्ट धरला होता. “आईला सांगते, मुका मुलगा बोलायला लागला.”

मी हसू शकलो नाही. राग अजून तसाच होता, आणि तो तसाच राहावा असे मला वाटत होते. ज्या वाळूत भाची खेळत होती, तिच्यावरून थोड्याच वेळात पाणी येणार होते, गढूळ, शांत, कुणालाही न विचारता. दारासमोर तो खांब उभा होता, पेटीचे झाकण उघडे. खालच्या छोट्या पेटीवरचा दिवा मात्र हिरवागार लुकलुकत होता.

“काका,” मी म्हणालो, “पुढच्या गल्लीत चला.”