माल कुणाचा?

लोक मला 'दंडवाली' म्हणतात. म्हणू देत! मी पालिकेत मुकादम आहे. माझ्या हाताखाली झाडणाऱ्या बायका आहेत, आणि माझ्या हद्दीत कुणी उघड्यावर काही आणून टाकलं की आधी मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, मग पावती फाडायला निरीक्षक साहेबांना बोलावते. पकडलेला प्रत्येक जण एकच रडगाणं गातो, "अहो बाई, मी टेम्पोवाल्याला दिलं होतं, त्यानं कुठं नेऊन टाकलं मला काय ठाऊक?" नियमाला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. माल ज्याच्या घरातून निघाला, दंड त्याला. टेम्पोवाला गेला खड्ड्यात.

हे सगळं दादाला मीच सांगितलं, माझ्याच घरात, जेवताना. दादा माझा थोरला भाऊ. जन्मात कधी त्यानं माझ्या कामाची चौकशी केली नव्हती. चारचौघांत कुणी विचारलंच तर "बहीण पालिकेत असते" एवढं बोलून विषय बदलायचा, जणू मी महापौरच आहे आणि त्याला मिरवायचं नाहीये. पण त्या दिवशी बाबांना बघायला आला आणि म्हणाला, "काय गं, एवढं मोठं शहर, तुम्ही सगळीकडे लक्ष तरी कसं ठेवता?" मी वेडी हुरळले ना! वाढता वाढता सांगत सुटले. आमची हद्द कालव्यापर्यंत, पलीकडचा मुकादम म्हणजे नुसता आळशांचा राजा, तिथं हत्ती मारून टाकला तरी कुणी विचारायचं नाही. दादा पोट धरून हसला. भाजी पुन्हा मागून घेतली. तो गेल्यावर मी बाबांना म्हटलंसुद्धा, "बदललाय हो दादा." बाबा म्हणाले, "पोरगा मुळात चांगलाच आहे."

बाबा सुतार. न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि ते माझ्याकडे आले. 'तात्पुरते' आले. हा शब्द दादाचा. दादाच्या घरामागे बाबांची कामाची खोली आहे. निम्म्या खोलीत त्यांची खाट आणि निम्म्या खोलीत त्यांचं सुतारकाम. तिथं परत जायचे त्यांना वेध लागले होते. रोज सकाळी काठी घेऊन माझ्या दोन खोल्यांत येरझाऱ्या घालायचे. डॉक्टरांनी येत्या रविवारी जायला हरकत नाही म्हटल्यावर तर दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून झालं. दादाही फोनवर साखर पेरायचा, "बाबा, खोली झाडून-पुसून तयार ठेवलीय. तुम्ही फक्त या." मला थोडं लागायचं, खोटं कशाला बोलू? त्यांचं अंग पुसण्यापासून सगळं मी केलं होतं. पण माणसाला आपली जागा हवी असते, हे मलाही कळतं.

त्याच आठवड्यात पलीकडचा आळशांचा राजा रजेवर गेला आणि त्याची हद्द माझ्या गळ्यात पडली. पहिल्याच सकाळी कालव्याच्या पलीकडच्या काठावरून मावशीनं हाक मारली. मावशी म्हणजे आमच्यातली सगळ्यात जुनी झाडणारी. "ताई, इकडं या! कुणीतरी चांगलं दणकट टेबल टाकलंय बघा. लोकांना मस्ती आलीय नुसती."

टेबल उलटं पडलं होतं, पाय वर. चारातला एक पाय वेगळ्या, फिक्या लाकडाचा. मी मावशीच्या मदतीनं ते सरळ केलं. वरच्या फळीवर काळा गोल डाग होता, लाकूड चिकटवायच्या सरसाचं तापलेलं भांडं ठेवून पडलेला. त्या डागाच्या शेजारी पाटी ठेवून मी अक्षरं गिरवली आहेत. खाली चिखलात रंधा पडला होता, पटाश्या विखुरल्या होत्या.

आणि माझं डोकं बघा, मला पहिल्यांदा काय वाटलं? चोरी! घाबरून दादाला फोन लावला. "दादा, बाबांच्या खोलीत चोरी झाली का रे? त्यांचं टेबल इथं उघड्यावर पडलंय."

त्यानं उलट मलाच विचारलं, "तू कालव्याच्या पलीकडं काय करतेयस? तुझी हद्द अलीकडं आहे ना?"

मी कालव्याचं नावही काढलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दादा, खरं बोल."

"अगं, त्या खोलीत तुझ्या वहिनीनं शिवणाचा क्लास सुरू केलाय. चार बायका येतात. आणि बाबा आता कुठं रंधा मारणार आहेत? मी टेम्पोवाल्याला दिलं होतं, त्यानं..."

"टेम्पोवाल्याचं नाव काढशील तर बघ! रविवारी बाबा कुठं राहणार?"

"तुझ्याकडं बरे आहेत की," तो म्हणाला.

माझ्याकडून माहिती काढून माझ्याच बापाला उकिरड्यावर टाकलं होतं त्यानं. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते मला त्या सकाळी कळलं.

मी साहेबांना बोलावलं. "पावती फाडा. माझ्या भावाच्या नावावर." साहेब बिचकले. म्हणाले, "बाई, तक्रार तुम्हीच करणार आणि माल कुणाच्या घरचा तेही तुम्हीच सांगणार? तसं चालत नाही. ओळख दुसऱ्या कुणीतरी पटवायला हवी."

"दुसरा कशाला? ज्याचं आहे त्यालाच आणते," मी म्हटलं.

रिक्षा करून घरी गेले. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "रंधासुद्धा?" मी हो म्हटलं. मग त्यांनी बाहेर जायचा शर्ट मागितला. मला वाटलं, चला, आज म्हातारा त्या लेकाला चांगला फैलावर घेणार.

आम्ही पोचलो तेव्हा साहेबांनी बोलावलेला दादाही येऊन थांबला होता, तोंड पाडून. बाबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. काठी टेकत टेबलाजवळ गेले, फळीवरून हात फिरवला. अंगठा त्या काळ्या डागावर थांबला.

साहेबांनी विचारलं, "आजोबा, हे तुमचं आहे का?"

"नाही," बाबा म्हणाले. "माझं नाही."

"बाबा! अहो, हा डाग बघा ना! तो पाय तुम्ही..."

"सरस सगळेच सुतार तापवतात," ते म्हणाले. साहेबांकडे बघून. माझ्याकडे नाही.

साहेबांनी पावतीपुस्तक मिटलं. "बाई, घरची भांडणं पालिकेच्या पावतीवर काढायची नसतात. उद्या ऑफिसात येऊन खुलासा द्या." आणि मालापुढं 'बेवारस' असा शेरा मारून निघून गेले. ज्या बायकांना मी उठताबसता नियम शिकवते, त्या सगळ्या खाली माना घालून उभ्या. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

दादाच्या तोंडावर रंग परत आला. बाबांच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "येतो हं बाबा, उशीर होतोय."

"रविवारी मग..." बाबा म्हणाले.

"बघू. फोन करतो," म्हणत त्यानं गाडीला किक मारली.

तो वळणावरून दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत होते. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. मी विचारलं, "का केलंत असं?"

"आपलेच दात, आपलेच ओठ गं. त्याला दंड करवला असता, तर त्यानं मला दारात उभं केलं असतं का?"

"आणि मी? मला सगळ्यांसमोर खोटं पाडलंत!"

"तुझं काय," ते म्हणाले, "तू थोडीच मला टाकणार आहेस?"

इतक्या साधेपणानं म्हणाले. त्यांना वाटलं असेल, ते माझं कौतुक करताहेत.

बेवारस माल मुकादमानं हलवायचा असतो. अखंड टेबल आमच्या गाडीत मावत नाही. मावशी कुऱ्हाड घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, फोडू?"

मी बाबांकडं पाहिलं. अजूनही एक शब्द पुरला असता. मी थांबले, पुष्कळ थांबले. ते टेबलाकडंच बघत राहिले.

"फोडा," मी म्हणाले.

मावशीनं घाव घातला. कुऱ्हाड नुसती उसळली, फळीला फक्त खोक पडली. तिनं पुन्हा कुऱ्हाड उचलली, तेव्हा बाबांनी घसा साफ केला.

"आडवं नका मारू, बाई," ते म्हणाले. "रेषांच्या दिशेनं मारा. तसं नाही फुटायचं ते."

मावशी बाजू बदलून उभी राहिली.