टेस्ट लॅम्प आणि हौसाबाईचे डोळे

मी एक टेस्ट लॅम्प. नाव भारदस्त, रूप अगदीच साधं. इंडिकेटरचा एक बल्ब, त्याला दोन वायरी. एकीच्या टोकाला चिमटा, दुसरीच्या टोकाला दाभण. चिमटा गाडीच्या लोखंडाला लावायचा नि दाभण वायरीला टेकवायचं. करंट येत असेल तर मी पेटतो, नसेल तर गप्प बसतो.

पेणच्या रामवाडीत, हायवेलगतच्या आपल्या दुकानात गुणाजीने मला १९८६ साली बनवलं. गाड्यांच्या वायरिंगमध्ये त्याचा हात कुणी धरत नसे. तोंडही कुणी धरत नसे. गिऱ्हाईक बोनेट उघडायच्या आधीच हा म्हणायचा, "कळलं मला काय झालंय ते."

दहा-बारा वर्षं बरी गेली. मग गुणाजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भर दुपारी मी पेटायचो आणि याला दिसायचंच नाही. बिचाऱ्या चांगल्या वायरी कापल्या जाऊ लागल्या. कबूल कोण करतो? "ऊन फार हाय आज," एवढंच.

त्याची बायको हौसा दुपारी डबा घेऊन यायची. एकदा तो म्हणाला, "जरा बघ गो, बल्ब पेटतो का. माझे हात गुंतलेत." गुंतला होता एकच. दुसऱ्या हातात विडी होती. हौसा वाकून म्हणाली, "पेटला." त्यानंतर बाराचा डबा अकराला येऊ लागला, मग नऊला. येताजाता हौसाला सगळ्या वायरींचे रंग पाठ झाले. ती "नाय पेटला" म्हणाली की गुणाजी म्हणायचा, "दिसलं मला."

एके दिवशी रोह्याजवळच्या अष्टमीहून हैबतराव आपली पांढरी गाडी घेऊन आले. सोबत पत्नी पुतळीबाई. गाडीचं दुखणं चमत्कारिक होतं. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे; इंडिकेटर लावला की मागचे सगळे दिवे एकदम डोळे मिचकावायचे. बॅटरी बदलून झाली होती, स्विच बदलून झाला होता.

"काल वडखळजवळ यांनी ब्रेक मारला, तो मागच्या ट्रकवाल्याला कळलाच नाय," पुतळीबाई म्हणाल्या. "हातभर अंतरावर येऊन थांबला. परवा लेकीला नि तान्ह्या नातवाला घरी आणायचंय. या गाडीत मी बाळ बसवणार नाय."

गुणाजीने डिकी उघडली. चिमटा लोखंडाला लावला, हैबतरावांना ब्रेक दाबायला सांगितलं आणि दाभण ब्रेकच्या वायरीला टेकवलं. मी पेटलो.

"पेटला," हौसा म्हणाली.

"नाय पेटला!" परक्यांसमोर गुणाजीला अवसान चढलं. "मागची सगळी वायरिंग बदलाय लागेल." त्याने पक्कड उचलली.

हौसाने त्याचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं.

"थांबा. करंट येतोय. परत जायची वाट बंद हाय का बघूया."

तिने मला उलटं लावलं. चिमटा करंटच्या वायरीला, दाभण गाडीच्या उघड्या लोखंडाला. मी पेटलो. मग तिने दाभण दिव्यांच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट लोखंडात परत नेणाऱ्या, वायरीला टेकवलं. मी गप्प. ती वायर चटईखाली एका बोल्टला कसलेली होती. चटई उचलली, तर बोल्ट गंजून काळा, वर पांढरी पूड. हौसाने बोट लावून जिभेवर टेकवलं.

"मीठ हाय!"

पुतळीबाई हळूच नवऱ्याकडे वळल्या. "मिठागरावरच्या गोणी डिकीत घालू नका म्हटलेलं ना मी?"

हैबतराव आकाशातले ढग बघू लागले. एकही ढग नव्हता.

हौसाने बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासून लख्ख केला, वायर पुन्हा कसली. ब्रेक दाबला तर लाल दिवे झगझगीत, आणि इंडिकेटर आपापला मिटतो-उघडतो.

"आणा आता नातवाला," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर गुणाजी स्टुलावर टेकला नि माझ्या वायरी गुंडाळू लागला.

"माझ्या डोळ्यांचं तुला कधी कळलं गो?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलली का नाय?"

"तुमी तरी कुठं बोललात?"

पुढच्याच महिन्यात त्याने ऑपरेशन करून घेतलं. पट्टी सुटल्यावर दुकानात आला, मला एका बॅटरीला जोडलं आणि उन्हात धरून बघत राहिला. "एवढा पेटतो व्हय हा!" डॉक्टरांनी डोळे चोळू नका म्हणून बजावलं होतं. त्याने चोळले.

आता माझ्या वायरीला जागोजागी टेप गुंडाळलेली आहे. शेजारी आकडे दाखवणारा मीटर आलाय. कधीकधी तो गंजलेल्या जोडातूनही खुशाल "बारा व्होल्ट" सांगतो, नि मग हौसाबाई मला खणातून काढते. तो नुसता आकडा वाचतो; मी करंट ओढून, भार घेऊन बघतो ना!

पाटीवर अजून गुणाजीचंच नाव आहे. गिऱ्हाईक उतरलं की हौसाबाईलाच विचारतं, "मालक नाहीत का?" ती म्हणते, "हायत की. चहा आणाय गेलेत." आणि खरंच, म्हातारा दोन्ही हातांत ग्लास धरून, एक थेंब न सांडता रस्ता ओलांडत असतो.

तेव्हा कधी रामवाडीला गाडी बंद पडली, तर एवढं करा. मालक कुठे ते विचारू नका. गाडीला काय होतंय ते सांगा, आणि डिकीत काय काय भरता तेही. लाजू नका. हौसाबाई चाखून बघतेच.