एप्रनखालची ओळ

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. कपडे धुण्याच्या कारखान्यात, ओले कपडे पिळणाऱ्या यंत्राच्या वर, भिंतीवर असते. मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी भयंकर भित्री आहे. माझा जन्मच मुळी धोका सांगण्यासाठी झाला, त्याला मी तरी काय करू?

यंत्र परदेशातून आलं, म्हणून मालकांनी माझ्यावरचा मजकूरही इंग्रजीच ठेवला. रंगाऱ्याने लाल अक्षरांत दोन ओळी काढल्या. वरची, ‘ऑल्दो द लाइट इज ऑफ’. खालची, ‘द ड्रम इज स्टिल टर्निंग’. म्हणजे, जरी यंत्रावरचा दिवा बंद झाला, तरी आतला ड्रम अजून फिरतोच आहे. यंत्र बंद झाल्यावरही तो चांगला दोन मिनिटं फिरतो. आतल्या पांढऱ्या चादरी कडेला अशा चिकटतात, की सगळं जागच्या जागी उभं आहे असं वाटतं. बाकीच्या यंत्रांच्या गोंगाटात आवाजही कळत नाही.

सुरुवातीला माझा काय थाट होता! मालक नव्या माणसाला माझ्यासमोर उभं करून दोन्ही ओळी म्हणायला लावायचे. रंगाऱ्याच्या अक्षराचं कौतुक व्हायचं. मग मालक थकले, येईनासे झाले. कुणा शहाण्याने माझ्या दोन ओळींच्या मधोमध खिळा ठोकला आणि त्यावर एप्रन लटकू लागले. खालची ओळ गेली झाकून. नंतर आलेल्या मुकादमांनी वरचं तेवढं वाचलं आणि सगळ्यांना सांगून टाकलं, “पाटीवर लिहिलंय ना, लाइट ऑफ! दिवा गेला की खुशाल हात घाला.”

माझ्या काळजात धस्स झालं. मी म्हणत होते काय आणि माझ्या नावावर खपत होतं काय! दिवा गेल्यावर माणसं घाम पुसत, गप्पा मारत, तोवर ड्रम थांबलेला असे. एवढ्याच नशिबावर सगळ्यांचे हात शाबूत होते. रोज मी जीव मुठीत धरून बसायचे.

मग एक नवी बाई कामाला आली. सगळे तिला वहिनी म्हणत. तिची लेक तिला घरी इंग्रजी शिकवत होती, त्यामुळे बाई दिसेल ते वाचत सुटायची. साबणाचे डबेसुद्धा सोडायची नाही.

त्या दिवशी दवाखान्याच्या चादरी द्यायच्या होत्या. गाडी दारात उभी होती आणि चालक सारखा भोंगा वाजवत होता. दिवा विझला.

“वहिनी, काढा चादरी! पटापट!”

तिने झाकण उघडलं. हात पुढे केला. मित्रांनो, मला ओरडायचं होतं हो, पण पत्र्याला कुठला आलाय घसा?

तेवढ्यात तिची नजर माझ्यावर गेली. “ऑल्दो... म्हणजे जरी,” ती पुटपुटली. “जरी दिवा बंद झाला... तरी काय, मुकादम?”

“तरी-बिरी काही नाही! गाडी खोळंबलीय.”

“दिवा बंद आहे, मान्य. पण पुढे काहीतरी असणारच ना?”

“मला पण-बिण ऐकवू नका! व्हा बाजूला, मीच काढतो.”

मुकादमांनी बाही वर सारली. मला तर डोळे मिटावेसे वाटले. वहिनीने एका हाताने त्यांचं मनगट घट्ट धरलं आणि दुसऱ्या हाताने खांद्यावरचा पंचा ड्रममध्ये टाकला.

पंचा सट्कन खेचला गेला आणि दिसेनासा झाला.

मुकादम मटकन खाली बसले. मनगट वहिनीच्या हातात तसंच होतं. बाहेर भोंगा वाजतच होता, पण कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने ड्रम थांबला, तेव्हा पंच्याच्या चिंध्या निघाल्या.

“वहिनी,” मुकादम कसेबसे म्हणाले, “मी तुमच्यावर ओरडलो. तरी तुम्ही हात सोडला नाहीत.”

“भीती वाटत होती हो,” ती म्हणाली. “तुमची पण.”

मित्रांनो, दिवा विझला की माझा पत्रा अजून थरथरतो. तुम्ही मला पुसलं नाहीत तरी चालेल, माझा रंग उडाला तरी चालेल. पण कुणी घाबरत घाबरत ‘पण’ म्हणालं, तर त्याचं पुढचं ऐकून घ्या. तोवर हात मागे ठेवा.