पायरी दबली

सन १८६७ च्या फाल्गुनात बडनेरा स्टेशनातून दुपारी दोनच्या सुमारास अकोल्याकडे एक गाडी सुटे. तिची वेळ कुठल्याच फलकावर लिहिलेली नव्हती. जिवंत माणसांना ती दिसत नसे. रुळांवरून गरम वाऱ्याचा झोत जाई आणि मालधक्क्यावर सांडलेला कापूस एका ओळीत उडे, एवढंच.

या गाडीचा गार्ड होता नत्थुजी भोई. त्याआधी चाळीस वर्षं त्यानं पूर्णेच्या डोहावर नाव चालवली होती. वऱ्हाडात मेलेले जीव तो पैलतीरी पोचवी, एका खेपेला सात. रूळ आले तसा वरून हुकूम आला : नाव बंद, गाडी चालू. आता एका खेपेला तीनशे जीव जात. शिट्टी फुंकली की एवढं लोखंड आपल्या सांगण्यावर हलतं, या गोष्टीचं नत्थुजीला पंधराव्या दिवशीही पहिल्या दिवसाइतकंच हसू येई. हिरवा बावटा तो गरजेपेक्षा जास्त वेळ हलवी.

त्या दिवशी पहिल्या डब्याच्या खिडकीत अचलपूरच्या बिस्मिल्लाबी बसल्या होत्या. वय ऐंशी, तोंडात दात दोन, आणि गाडी सुटायच्या आधीच त्यांनी अर्ध्या डब्याच्या जागा बदलून टाकल्या होत्या.

"काय रे नत्थुजी, तुमचे लोक मेल्यावर दक्षिनेकडं जातात ना?"

"जातात, खाला."

"मंग गाडी तं मगरिबीकडं, मावळतीकडं तोंड करून उभी हाय. म्हंजे आमच्याकडं चालली!"

"रूळ जिकडं, तिकडं जाते, खाला. रूळ टाकताना ना तुमाले विचारलं, ना आमाले."

तेवढ्यात शेवटचा प्रवासी आला. तिशीचा गडी, डोक्यात, मिशीत, भुवयांत कापसाचे तंतू, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं. घाईघाईनं त्यानं पहिल्याच डब्याच्या पायरीवर पाय ठेवला आणि पायरी दबली.

नत्थुजीच्या हातातला बावटा थांबला. पण इंजिनानं तो अर्धा हलला तेवढाही पाहिला होता. गाडी सुटली.

मेलेल्या जिवाला वजन नसतं. सात जीव बसले तरी नाव बोटभरही खाली जात नसे, हे नत्थुजीला तळपायानं कळे. चाळीस वर्षांत एकदाच ती खाली गेली होती. एक बाई चढली तेव्हा. तेव्हा तो नवा होता, काही समजला नाही, वल्हवत राहिला. नाव मध्यावर आली आणि मागच्या काठावरच्या चितेतून किंकाळी आली. ती त्याच बाईची होती. नावेत बसल्या जागी ती हलकी झाली आणि नाव वर आली. त्यानंतर प्रत्येक खेपेला नत्थुजी चढणाऱ्याच्या पायाकडे पाहत असे.

डब्याडब्यातून धावत तो त्या गड्याजवळ पोचला.

"नाव काय तुहं?"

"सहदेव. बडनेऱ्याचा. कापूस दाबतो."

"मेला कसा?"

सहदेव सांगू लागला. बडनेऱ्याला एका व्यापाऱ्याच्या वाडीत तो कामाला होता. लाकडी चौकटीला पुरुषभर उंचीचा बोरा टांगायचा, आत उतरायचं आणि वरून पडणारा कापूस पायांनी तुडवत तुडवत वर यायचं, हे त्याचं काम. आज दुपारी बोऱ्यात असतानाच श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. लोकांनी ओढून बाहेर काढलं.

"मंग?"

"मंग खुशालदादानं, माह्या मोठ्या भावानं, नाकासमोर कापूस धरला. श्वास चालू अशीन तं हालते ना कापूस. हालला नाई. मी बाजूले उभा राहून माह्या डोळ्यानं पाह्यलं. सगळे म्हनले, गेला. मीबी म्हनलो, गेलो अशीन. मनकर्णा, माही बायको, मोठ्यानं रडाले लागली. मले ते ऐकवे ना. इकडं निघून आलो."

"कापूस कुठला होता?"

"त्याच बोऱ्यातला."

नत्थुजीनं त्याच्या ओल्या धोतराकडे पाहिलं. अमेरिकेतली लढाई संपून कापसाचे भाव उतरले होते, आणि भाव उतरले तसं वजन भरायला बोऱ्यात ओतायचं पाणी वाढलं होतं. हे वऱ्हाडात मेलेल्यांनाही माहीत होतं.

"त्यात पानी किती होतं?"

सहदेव धोतराचा काठ पिळू लागला.

"बोल ना रे!" बिस्मिल्लाबी मागच्या बाकावरून ओरडल्या. "इथं कोन तुह्या सेठले सांगाले जाते?"

"दोन घागरी," सहदेव म्हणाला. "मीच ओतल्या."

"या अल्ला! ओला कापूस वाऱ्यानं तरी हालते का? फुंकर मारली तरी नाई हालत!"

डबाभर हसू फुटलं. तिवस्याचा एक म्हातारा तर मांडीवर थापा मारू लागला. सहदेवाचा चेहरा मात्र हळूहळू बदलला.

"म्हंजे मी..."

"जित्ता आहे," नत्थुजी म्हणाला. "पन तुले जाळाले घेऊन निघाले असतीन."

पुढचा हिशोब सरळ होता. काटेपूर्णेचा पूल ओलांडला की कोणालाही परत फिरता येत नसे. त्याआधी गाडी एकदाच थांबे, कुरूमला. एकेरी रूळ असल्यानं अकोल्याहून येणाऱ्या रिकाम्या मालगाडीला तिथं वाट द्यावी लागे. ती मालगाडी जिवंत माणसांची होती, कापूस भरायला बडनेऱ्याला जाई आणि कुरूमला तिचं इंजिन पाणी घ्यायला जेमतेम टेकत असे.

"मी एकटा जातो," सहदेव म्हणाला.

"जाशीन, पन आत शिरशीन कसा? घाबरून बाहेर आलेला जीव आपल्यानं आत नाई जात. मागून लोटावं लागते." नत्थुजीनं बावटा आणि शिट्टी बिस्मिल्लाबींच्या मांडीवर ठेवली. "खाला, मी येईपर्यंत गाडी हालू द्यायची नाई."

"गार्डानं गाडी सोडली तं तुह्यावरचे साहेब काय म्हनतीन?"

"परत नावेवर धाडतीन."

"जाय मंग, बेटा. पळ!"

कुरूम आलं. गाडी बाजूच्या रुळावर उभी राहते न राहते तोच पलीकडे मालगाडीची शिट्टी झाली. ती निघालीच होती. नत्थुजी रूळ ओलांडून मालगाडीच्या उघड्या डब्यात, वाघिणीत, अलगद जाऊन बसला. सहदेवाचं तसं नव्हतं. त्याला वजन होतं. तो खडीत ठेचकाळला, उठला, वाघिणीच्या कडेला लोंबकळला. नत्थुजीनं मनगट धरून त्याला आत खेचलं आणि दोघंही रिकाम्या लोखंडावर आदळले.

"लागलं, मामा!"

"लागू दे. लागून राह्यलं तं तू अजून जित्ता आहे."

तासभर ते उभेच होते. सहदेव गाडीच्या दिशेनं पुढे झुकून असा उभा होता, जणू त्यानं झुकल्यानं ती जास्त पळेल. दर थोड्या वेळानं तो विचारी, "लाकडं कुठून आनली असतीन? मेळघाटातली सारी लाकडं तं इंजिनात जातात. सापडली नसतीन ना लवकर?" नत्थुजी किंकाळी ऐकू येते का, एवढंच ऐकत होता.

बडनेरा आलं तेव्हा चार वाजत आले होते. स्टेशनाबाहेर अमरावतीहून आलेल्या कापसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, चाकाला चाक लागून. नत्थुजी बैलांमधून, चाकांमधून सरळ निघून गेला. सहदेव धडकत होता. एका बैलानं फुरफुरून शिंग उगारलं, गाडीवान चमकून "काहून रे?" म्हणाला आणि समोर त्याला कोणीच दिसेना. शेवटी सहदेव गाड्यांवर चढला आणि बोऱ्यांवरून बोऱ्यांवर उड्या मारत निघाला. जिथं जिथं पाय पडे, तिथं बोरा पचकन दबे.

गावाबाहेर, विहिरीजवळच्या निंबाखाली, तिरडी खाली ठेवली होती. हा विसावा. इथं खांदेकरी बदलतात आणि बाया इथून घरी फिरतात. मनकर्णा फिरत नव्हती. तिरडीचा बांबू तिनं दोन्ही हातांनी धरला होता.

"चाल बाई, सोड आता," खुशालराव म्हणत होता. त्याच्या हातातल्या मडक्यात गोवऱ्यांचा विस्तव धुमसत होता. "सूर्य कलला."

"तुमी जा. मी नाई सोडत."

तिरडीवर सहदेवाचं शरीर होतं. कानांत बोळे, नाकात बोळे, तोंड जरासं उघडं.

"बोळे कोनत्या कापसाचे?" नत्थुजीनं विचारलं.

"त्याच," सहदेव म्हणाला. त्याचे पाय तिथंच खिळले. "मामा, मले भेव वाटते."

चौघे खाली वाकले. मनकर्णाची बोटं कोणीतरी एकेक करून सोडवत होतं. नत्थुजीनं सहदेवाच्या पाठीला खांदा लावला, टाचा मातीत रोवल्या आणि चाळीस वर्षं चिखलातली नाव जशी पाण्यात लोटली होती, तशी सगळ्या अंगानं लोट दिली.

खांदेकऱ्यांनी तिरडी उचलली. एक पाऊल टाकलं. तिरडीवरून प्रचंड शिंक आली.

नाकातला एक बोळा उडून खुशालरावाच्या गालावर बसला. मडकं हातातून सुटलं. मागचे दोन खांदेकरी तिरडी टाकून विहिरीच्या दिशेनं पळाले, पुढचे दोघं खाली बसले. तिरडी एका अंगावर कलली आणि दोरीनं बांधलेला सहदेव आडवाच ओरडला :

"दादा, मले बांधलं काहून?"

"जित्ता हाय!" मनकर्णा किंचाळली. "माहा मानूस जित्ता हाय!" दाव्याच्या गाठी ती दातांनी सोडू लागली, आणि सोडता सोडता त्याच्या छातीवर बुक्क्या मारू लागली.

खुशालरावानं गालावरचा बोळा काढला आणि चिमटीत दाबला. दोन थेंब पाणी खाली पडलं. तो धाकट्या भावाकडे पाहत राहिला. मग तसाच धुळीत बसला आणि हसतोय की रडतोय हे कोणाला कळू नये म्हणून धोतराचा सोगा तोंडावर घेतला.

"उद्यापासून कोरडा दाबायचा," मनकर्णा म्हणाली. "ऐकलं का?"

"सेठनं नाई म्हनलं तं?"

"तं त्याले टाक बोऱ्यात!"

नत्थुजी तिथून निघाला तेव्हा सहदेव दोन पायांवर उभा होता आणि अख्खा गाव त्याला एकाच वेळी पाणी पाजत होता. त्यानं एकदा नत्थुजीच्या दिशेनं पाहिलं, पण तिथं त्याला निंबाखालच्या सावलीशिवाय काही दिसलं नाही.

अकोल्याकडे जाणारी भरलेली मालगाडी साडेपाचला सुटली. नत्थुजी बोऱ्यांच्या थराच्या टोकावर पाय सोडून बसला. खालून रुळांवर काहीतरी टपटपत होतं. त्यानं बोऱ्यावर तळवा ठेवला, तो ओला लागला, आणि वारा तोंडावर घेत तो एकटाच मोठ्यानं हसला.

कुरूमला त्याची गाडी जागच्या जागी होती. बिस्मिल्लाबी फलाटावर उभ्या होत्या. गळ्यात शिट्टी, हातात बावटा. तीनशे जीव आपापल्या जागी मुकाट बसले होते.

"वाचला?" त्यांनी लांबूनच विचारलं.

"शिंकला, खाला!"

"अल्हमदुलिल्लाह!" डब्याडब्यातून ओरडा झाला. तिवस्याच्या म्हाताऱ्यानं पागोटं हवेत उडवलं.

नत्थुजीनं हात पुढे केला. "आना आता शिट्टी."

"अकोल्यापर्यंत माह्याजवळ राहू दे," बिस्मिल्लाबी म्हणाल्या. "साऱ्या उमरीत मी इतके लोक गप्प बसवले नाई." आणि त्यानं काही म्हणायच्या आत त्यांनी शिट्टी फुंकून हिरवा बावटा हलवला, गरजेपेक्षा जास्त वेळ.